आयपीएला गुण देण्याआधी

नमस्कार मंडळी. प्रत्येकाच्या समोर तीन छोटे ग्लास आहेत, बुडाला १, २, ३ असे आकडे चिकटवलेले. प्रत्येकात साधारण ६० मिलिलिटर बिअर आहे आणि वर झाकण आहे. झाकण इतक्यात काढू नका. फ्रिजमधून काढली तेव्हा ही बिअर ४ अंशांवर होती. मी थोडा इतिहास सांगेपर्यंत ती ८-१० अंशांवर येईल आणि चाखायला ती तेवढीच हवी. बर्फगार बिअरला वास येत नाही आणि जीभही बधिर होते. बिअरचं नाव सांगणार नाही. लेबल दिसलं की माणूस घोट घेण्याआधीच मनात गुण देऊन बसतो. ज्यांना नंतर गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी प्रत्येक टेबलावर थुंकायचं भांडं ठेवलंय. ते वापरण्यात संकोच करू नका, चाखणारी व्यावसायिक माणसंही वापरतात.

आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. इंडिया पेल एलला, म्हणजेच आयपीए या बिअरच्या प्रकाराला, आपण जेव्हा पाचपैकी चार किंवा पन्नासपैकी चाळीस देतो, तेव्हा तो गुण त्या नावाच्या बिअरला मिळत नाही. तो त्या ग्लासाला मिळतो: कधी भरलेली, कुठे ठेवलेली, किती अंशांवर ओतलेली, हे सगळं त्या आकड्यात मुरलेलं असतं. हे कुठल्याही बिअरबद्दल थोडंफार खरं आहे, पण आयपीएबद्दल फारच. म्हणून आधी वर्णन लिहायचं, तारीख लिहायची, आणि आकडा सगळ्यात शेवटी. असं का, ते कळायला ही बिअर कुठून आली हे बघायला हवं.

नावात आपला देश आहे आणि त्याची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. इंग्लंडहून निघालेली बिअर हिंदुस्थानात पोचेपर्यंत नासायची, मग जॉर्ज हॉजसन नावाच्या लंडनच्या ब्रुअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, जास्त दारू आणि जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालून एक नवीच बिअर शोधून काढली, ती आयपीए. ऐकायला छान आहे, पण पुराव्यापुढे ती टिकत नाही. अठराव्या शतकात काळीभोर पोर्टर बिअर जहाजांतून इकडे येत होती आणि ती चांगल्या स्थितीत उतरत होती. एकोणिसाव्या शतकातही गोऱ्या शिपायांसाठी मोठ्या प्रमाणावर आली ती पोर्टरच. पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची बिअर, हे साहेब लोकांचं पेय होतं. अल्कोहोलच्या बाबतीतही ती त्या काळच्या इतर चांगल्या बिअरपेक्षा फार जहाल नव्हती.

हॉजसनचं यश कशात होतं, हे मला त्या दंतकथेपेक्षा जास्त रंजक वाटतं. त्याची ब्रुअरी पूर्व लंडनमध्ये, बो या भागात. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं थेम्सवर जिथे लागायची तिथून जवळच. कंपनीच्या जहाजांवरच्या कप्तानांना स्वतःचा खासगी माल नेऊन विकायची मुभा असे. ते हॅम न्यायचे, चीज न्यायचे, काचसामान, टोप्या आणि बिअर. हॉजसन शेजारीच होता आणि वर्ष-दीड वर्षाची उधारी द्यायचा. कप्तान मुंबईला किंवा कलकत्त्याला माल विकून परत येईपर्यंत तो पैशासाठी थांबायचा. त्याच्याकडच्या मालात एक 'ऑक्टोबर बिअर' असे. शरद ऋतूत नव्या हंगामाच्या बार्ली आणि हॉप्सपासून करायची, फिक्या रंगाची, भरपूर हॉप्सची. इंग्लंडमधले जमीनदार ती तळघरात वर्ष, दोन वर्षं मुरवून मग प्यायचे.

ही बिअर जहाजाच्या पोटात गेली. सुएझचा कालवा १८६९ चा, त्यामुळे तोवर वाट आफ्रिकेला वळसा घालून. चार ते सहा महिने. विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, एकदा अटलांटिकमध्ये आणि एकदा हिंदी महासागरात. पिंपं हलत राहायची, तापायची, निवायची. तळघरात दोन वर्षांनी जे व्हायचं ते या प्रवासात काही महिन्यांत व्हायचं. पिंप उघडलं की आत स्वच्छ, कोरडी, मुरलेली बिअर. इथल्या उकाड्यात ती लोकांना आवडली.

पुढे १८२० च्या दशकात हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला सुरुवात केली, उधारी बंद केली, आणि कलकत्त्याचे व्यापारी चिडले. ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरिबँक्स यांनी १८२२ मध्ये बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला सुचवलं की तूच अशी बिअर का करत नाहीस? ऑलसॉपचा रशियाशी असलेला व्यापार तेव्हा तिथल्या जकातीमुळे बसला होता. त्याचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, करणारा जोब गुडहेड याने पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला असं सांगतात. आणि तिथे एक गोष्ट जमून आली जी कुणी ठरवलेली नव्हती. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचं, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं प्रमाण खूप. सल्फेट असलं की हॉप्सचा कडवटपणा टोकदार आणि कोरडा लागतो, जिभेवर चिकटून बसत नाही. लंडनच्या पाण्यात ते व्हायचं नाही. म्हणून बर्टनची पेल एल हॉजसनपेक्षा सरस ठरली, ऑलसॉप आणि बर्टनचीच बास ब्रुअरी यांनी बाजारपेठ काबीज केली. आजही जगभरात अनेक ब्रुअर आयपीए करताना पाण्यात जिप्सम घालतात, त्या क्रियेला बर्टनचंच नाव आहे. १८२९ मध्ये सिडनीतल्या एका वर्तमानपत्राच्या जाहिरातीत 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापून आलं होतं. म्हणजे तोवर ते नाव रूढ होऊ लागलं होतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. ती आयपीए मुरायची होती. महिनेच्या महिने वाट बघणं हा तिच्या कृतीचाच भाग. पोचेपर्यंत हॉप्सचा ताजा वास बराचसा विरलेला असणार आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आता दीडशे वर्षं पुढे या. अमेरिकेत १९७२ मध्ये कॅस्केड नावाची हॉप्सची नवी जात बाजारात आली, ओरेगॉनमधल्या सरकारी पैदास कार्यक्रमातून. इंग्लिश हॉप्सना मातीचा, वाळल्या पानांचा, थोडा मधाचा वास असतो. कॅस्केडला पपनसाचा आणि फुलांचा वास होता. मोठ्या कंपन्यांना त्याचं काय करावं ते कळेना. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने लिबर्टी एल केली, ती याच कॅस्केडची. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्याच चिको गावात सिएरा नेवाडाने पेल एल सुरू केली. तिथून पुढे सेंटेनियल, सिम्को, सिट्रा, मोझॅक अशा जाती येत गेल्या आणि आयपीए या शब्दाचा अर्थच बदलला. कडवटपणा राहिला, पण मुख्य पात्र झालं सुगंध.

हा सुगंध कशातून येतो? हॉप्सच्या फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळ्या चिकट पुटकुळ्या असतात. ताजं फूल मधोमध फाडलं की बोटांना पिवळी पूड लागते आणि साबणाने धुतली तरी राळेसारखा वास बराच वेळ जात नाही. त्या पुडीत दोन गोष्टी असतात. एक, आम्लं. ती उकळल्यावर बदलतात आणि कडू होतात. दुसरी, उडणारी तेलं. ती उकळल्यावर वाफेबरोबर निघून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स उकळीच्या सुरुवातीला टाकतात आणि वासासाठी अगदी शेवटी, किंवा बिअर आंबून झाल्यावर थंड टाकीत. या शेवटच्या प्रकाराला ड्राय हॉपिंग म्हणतात आणि आजच्या आयपीएचा जीव त्यात आहे. ही तेलं फार नाजूक असतात. ऑक्सिजन लागला की बिघडतात, ऊब लागली की बिघडतात. म्हणजे जी बिअर सहा महिने समुद्रावर मुरून यायची तिच्या नावाची आजची बिअर सहा आठवडे दुकानाच्या फळीवर नीट टिकत नाही. ज्याला आयपीएला गुण द्यायचे आहेत त्याने हे आधी पचवलं पाहिजे.

बरं, आता पहिल्या ग्लासचं झाकण काढा. घोट नाही, फक्त नाक. दोन-तीन छोटे हुंगे, मग ग्लास खाली. दीर्घ श्वास घेत बसलात तर नाक दहा सेकंदांत त्या वासाला सरावतं आणि मग काहीच कळत नाही. जे पहिलं मनात आलं ते कागदावर लिहा. इंग्रजी पुस्तकांतले शब्द आठवू नका. तिथे ग्रेपफ्रूट, पाइन, पॅशनफ्रूट असं छापलेलं असतं. आपल्यातल्या कितीजणांनी लहानपणी पाइनचं जंगल हुंगलंय? तुमच्या नाकाला जे ठाऊक आहे तेच लिहा: पपनसाची जाड पांढरी साल, सोलताना उडणारा संत्र्याचा फवारा, गवती चहा, लिंबाचं पान चुरगाळून, अतिपिकलेला पेरू, राळ, धूप. मागच्या रांगेतून कुणीतरी 'भांग' म्हणालं, बरोबर आहे, लाजू नका. हॉप्स आणि भांग एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि काही जातींत ते नातं नाकाला स्पष्ट कळतं. 'छान वास' असं मात्र लिहू नका, त्यातून शेजाऱ्याला काहीही समजत नाही.

मग डोळे. ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा. हिचा रंग पितळी, थोडी धूसर, फेस पांढरा आणि बारीक. हॉप्सची आम्लं फेस धरून ठेवतात, त्यामुळे घोटागणिक ग्लासच्या कडेला फेसाची जाळी राहायला हवी. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर बिअरला दोष देण्याआधी ग्लास बघा, तो नीट धुतलेला नाही. तेलाचा हात किंवा साबणाचा अंश फेस मारतो. धूसरपणाबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेच्या व्हर्मोंट राज्यातल्या द अल्केमिस्टसारख्या छोट्या ब्रुअऱ्यांनी मुद्दाम गढूळ, रसाळ आयपीए लोकप्रिय केली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने तिला स्पर्धेत स्वतंत्र वर्ग दिला. त्या वर्गातली बिअर नितळ असेल तर तिथेच काहीतरी चुकलंय. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या, नितळ शैलीतली असेल आणि गढूळ असेल तरीही चुकलंय. भूप ऐकताना मध्यम नाही म्हणून गवयाचे गुण कापत नाहीत, तसं कुठल्या शैलीची बिअर समोर आहे हे ठाऊक असल्याशिवाय तिला मापता येत नाही.

आता घोट. पुरेसा मोठा, सगळ्या तोंडात फिरेल असा. तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. बिअरच्या चवीतलं बरंचसं असं मागच्या दाराने नाकात पोचतं. पहिल्यांदा माल्ट शोधा. मोड आणून वाळवलेल्या बार्लीची ती बिस्किटासारखी, पावाच्या कडेसारखी गोडी. हॉप्सच्या गर्दीत ती दबते, पण तिच्यावाचून बिअर पोकळ लागते. मग कडवटपणा. तो गोडीनंतर येतो, चढतो, आणि गिळल्यावर मागे उरतो. किती कडू आहे यापेक्षा कसा उरतो ते बघा. चांगला कडवटपणा मेथीच्या भाजीसारखा स्वच्छ उतरतो आणि पुढच्या घोटाची इच्छा ठेवून जातो. वाईट असला तर घशात खरखर होते, जीभ साय धरल्यासारखी होते. ड्राय हॉपिंगचा अतिरेक झाला की पानांतला तुरटपणा उतरून असं होतं.

इथे आयबीयूबद्दल, म्हणजे कडवटपणाच्या मापाबद्दल, दोन शब्द. डब्यावर मोठ्या अक्षरांत ६५ आयबीयू असं लिहिलेलं असतं आणि लोक ते परीक्षेतल्या टक्क्यांसारखं वाचतात. तो आकडा साधारणपणे लिटरमागे किती मिलिग्रॅम कडू आम्लं आहेत ते सांगतो. बस. त्याच ६५ आयबीयूची बिअर गोडी जास्त उरली असेल तर मवाळ लागेल आणि कोरडी असेल तर कडक लागेल. अमेरिकन आयपीएसाठी परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत ४० ते ७० आयबीयू आणि ५.५ ते ७.५ टक्के अल्कोहोल ही मर्यादा दिलेली आहे. एवढ्या रुंद पट्ट्यात कितीतरी वेगवेगळ्या बिअर बसतात. जास्त कडू म्हणजे जास्त चांगली, ही समजूत मला मनापासून खटकते. त्या समजुतीपायी अनेक वर्षं ब्रुअर मंडळींनी जिभा सोलवटणाऱ्या बिअर केल्या.

पाणी प्या, पावाचा तुकडा खा. टेबलावर मुद्दाम चिवडा ठेवला नाही. मीठ, लसूण, तिखट यांनी जीभ पुढचा अर्धा तास कामातून जाते. जाता जाता, आयपीए झणझणीत जेवणाबरोबर उत्तम जाते असं मेन्यूकार्डावर छापलेलं असतं. माझ्या तोंडाला ते पटत नाही. अल्कोहोल आणि कडवटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात. ठेच्याबरोबर आयपीए म्हणजे दोघांची भांडणं. कुरकुरीत तळलेले बोंबील द्या, रव्यातले, लिंबू पिळून, तिथे ही बिअर खुलते.

आता दुसऱ्या ग्लासचं झाकण काढा.

काय आलं? संत्र्याची साल कुठे गेली? काहीजण 'मध' लिहितायत, कुणी 'ओला पुठ्ठा', कुणी 'जुनी वही'. रंग बघा, पहिल्यापेक्षा गडद, तांबूस. घोट घ्या. कडवटपणा आहे, पण एकटा पडलाय, त्याच्यावर पांघरूण घालणारा सुगंध नाही, आणि खाली एक शिळी गोडी आहे. मंडळी, ही पहिलीच बिअर आहे. त्याच खोक्यातला कॅन, त्याच तारखेचा. एक फ्रिजमध्ये होता, दुसरा एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दोन आठवडे घराच्या माळ्यावर. बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब सांगतात, ३-३०-३०० चा. बिअर ३२ अंशांवर ३ दिवसांत जितकी शिळी होते, तितकीच २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३ अंशांवर ३०० दिवसांत. हा काटेकोर नियम नव्हे, पण दिशा अचूक आहे. आपल्याकडे दुकानाबाहेर टेम्पो दुपारी किती वेळ उभा असतो, गोदामाला पत्रा असतो की स्लॅब, याचा विचार करा आणि मग ते ३ दिवस आठवा. पुठ्ठ्याच्या त्या वासामागे ऑक्सिजन आहे. डबा भरताना आत राहिलेली थोडीशी हवा उष्णतेत कामाला लागते आणि ज्या संयुगांमुळे शिळेपणाचा वास येतो ती तयार होतात.

तिसरा ग्लास. हा सावकाश हुंगा. हो, मला चेहरे दिसतायत. हीसुद्धा तीच बिअर, फ्रिजमधलाच ताजा कॅन. पण ही पारदर्शक ग्लासात ओतून आज दुपारी खिडकीत उन्हात ठेवली होती, अर्धा तास. फक्त अर्धा तास. प्रकाशाने हॉप्सच्या कडू आम्लाचा एक तुकडा तुटतो, तो बिअरमधल्या गंधकाशी जुळतो आणि एक असं संयुग होतं की एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. इंग्रजीत या वासाला स्कंक या प्राण्याचं नाव आहे. तो प्राणी आपल्याकडे नाही, म्हणून आपल्याकडची मंडळी जळकं रबर किंवा शिळा कोबी लिहितात आणि तेच बरोबर आहे. तपकिरी बाटली यापासून बरंच संरक्षण देते, हिरवी आणि पांढरी बाटली जवळजवळ काहीच नाही, कॅन पूर्ण. बाहेर अंगणात बसून पिणार असाल तर ग्लास सावलीत ठेवा, एवढं साधं आहे.

आता आकड्यांकडे येऊ. समोरच्या कागदावर पन्नास गुणांचा तक्ता आहे. अमेरिकेतला बिअर परीक्षकांचा बीजेसीपी नावाचा कार्यक्रम १९८५ पासून चालतो, त्याची ही विभागणी: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५ आणि एकूण ठसा १०. रूपाला फक्त ३ आहेत हे मला फार आवडतं. फोटोत सुंदर दिसणारी बिअर त्या तीनावर किती चढणार? आणि एकूण ठशाचे १० शेवटी भरायचे असतात. तिथे तुमची आवड बोलू दे, पण आधीच्या चाळीसांत नको. मला स्वतःला गढूळ रसाळ आयपीएपेक्षा कोरडी, राळेच्या वासाची जास्त आवडते. ती आवड मी त्या दहाच्या चौकटीत बंद करून ठेवतो.

पहिल्या ग्लासवर मी सकाळी लिहिलेली नोंद वाचून दाखवतो. 'कॅन भरून ३ आठवडे, सतत फ्रिजमध्ये, चाखताना ९ अंश. वास: पपनसाची साल, पेरू, मागे राळ, माल्ट अस्पष्ट. १०. रूप: पितळी, किंचित धूसर, फेस टिकतो, जाळी चांगली. ३. चव: संत्र्याची साल आधी, बिस्किटाची गोडी मधे थोडीच, कडवटपणा ठाम, शेवट कोरडा, घशात जराशी तुरट खरखर. १५. स्पर्श: मध्यम, बुडबुडे चुरचुरीत. ४. ठसा: दुसरा ग्लास मागवीन, तिसरा नाही, त्या खरखरीमुळे. ८. एकूण ४०.' तीच बिअर माळ्यावरची: वासाला ५, रूपाला २, चवीला ९, स्पर्शाला ४, ठशाला ४. एकूण २४. सोळा गुणांचा फरक. ब्रुअर तोच, कृती तीच, आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दोघंही एकाच नावाखाली जमा होतील.

अनटॅप्डसारख्या अ‍ॅपवर लोक पाव-पाव ताऱ्याच्या टप्प्याने गुण देतात आणि त्यांची सरासरी दिसते. सरासरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बिअरचीच आहे. विल्यम गॉसेट हे रसायनशास्त्र शिकलेले गृहस्थ १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत लागले. बार्ली, माल्ट, हॉप्स यांचे नमुने थोडेच तपासता यायचे आणि त्यावरून निर्णय घ्यायचे. थोड्या नमुन्यांच्या सरासरीवर किती विसंबायचं, हा त्यांचा प्रश्न. १९०८ मध्ये त्यांनी त्याचं उत्तर 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात टी-टेस्ट केली आहे, ती हीच. सात माणसांच्या ताऱ्यांची सरासरी आणि सातशे माणसांची सरासरी एकाच वजनाने वाचू नये, हे बिअरच्या धंद्याला १०० वर्षांपूर्वीच कळलं होतं.

आणि आपल्याला फरक खरंच कळतो का, हे तपासायचीही एक साधी रीत आहे, ती घरी जरूर करा. तीन ग्लास घ्या, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. डोळे बांधून वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच. बारा जणांना बसवलं तर किमान आठांनी ओळखलं पाहिजे, तेव्हा फरक खरा मानतात. आपल्या मित्रमंडळीत दोन आयपीएंवरून तावातावाने वाद घालणाऱ्यांना एकदा या चाचणीला बसवा. वाद संपेल असं नाही, पण त्यानंतर माणसं जास्त नीट चाखायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागच्या जागी बिअर बनवून देणारी जागा, सुरू झाली आणि समोरच्या टाकीतून ग्लासात येणारी बिअर काय असते ते या शहराला कळलं. गोव्यातून पुढे एट फिंगर एडी, बीच शॅक अशा आयपीए पॅक होऊन विकायला आल्या. माझं स्पष्ट मत आहे: आपल्या हवेत आयपीए प्यायची तर मायक्रोब्रुअरीत, नळाची, आणि वेटरला 'ही कधी टाकीतून काढली' असं विचारून. नाक मुरडतील, पण विचारा. दुकानातून घ्यायची झाली तर बुडावरची तारीख वाचा. 'अमुक तारखेपूर्वी वापरा' याकडे बघू नका, भरल्याची तारीख शोधा. फ्रिजच्या बाहेर फळीवर ठेवलेली असेल तर त्या दुकानातून लागर, म्हणजे कमी हॉप्सची साधी बिअर घ्या, आयपीए नको.

शेवटी, हे वर्णन कुणासाठी लिहायचं? माझ्या मते सगळ्यात आधी ब्रुअरसाठी. 'साडेतीन तारे' वाचून त्याला काहीही करता येत नाही. 'पुठ्ठा' वाचला की तो कॅन भरायच्या यंत्राकडे जातो, हवा कुठून शिरते ते बघतो. 'लोण्यातल्या पॉपकॉर्नचा वास' वाचला की त्याला समजतं की ड्राय हॉपिंगनंतर हॉप्समधल्या विकरांनी उरलेली साखर मोडली, यीस्ट पुन्हा जागं झालं आणि त्याला काम पुरं करू न देताच बिअर थंड केली गेली. 'हिरवं सफरचंद' वाचलं तर बिअर यीस्टवरून लवकर काढली. 'घशात खरखर' वाचलं तर हॉप्स किती दिवस टाकीत बुडवून ठेवले ते तो वहीत तपासेल. त्यामुळे प्रश्नोत्तरं सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटं घ्या आणि पहिल्या ग्लासची नोंद पुरी करा. माझे आकडे ऐकलेत म्हणून तुमचे बदलू नका. नोंदी गोळा करून उद्या ज्यांनी ही बिअर केली त्यांच्याकडे पाठवतो आहे, वर चाखल्याची तारीख आणि ९ अंश असं आधीच लिहून ठेवलंय.